मायनसमधली उजनी आणि पुढची तीस वर्षं

व्यासपीठावरील मान्यवर, बाहेरगावाहून आलेले हवामानशास्त्रज्ञ, आणि पुढच्या खुर्च्या मोकळ्या असूनही संकोचानं मागे बसलेले माझे शेतकरी बांधव,

हवामानाच्या दूरच्या धोक्यांविषयी लोकांशी बोलावं कसं, यावरची ही परिषद सोलापुरातच का, असं काहींनी विचारलं. अहो, आमच्याकडे वर्षाचा अंदाज भर यात्रेत जाहीर होतो! जानेवारीत श्री सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत, होमविधीच्या रात्री उपाशी वासरापुढे धान्य, गाजर, गूळ ठेवतात आणि त्याच्या वागण्यावरून पाऊसपाणी व भाव सांगतात. शास्त्रज्ञांनी हसू नये. त्या भाकणुकीत काय महागणार तेही असतं. ‘सरासरीच्या 104 टक्के पाऊस’ या वाक्यात मात्र मंगळवेढ्याच्या शेतकऱ्यानं काय पेरावं ते नसतं.

‘उजनी मायनसमध्ये गेली’ हे मात्र इथलं शेंबडं पोरही जाणतं. सुमारे 117 टीएमसीच्या या धरणात जवळपास 64 टीएमसी मृतसाठा आहे. त्याला हात लागला की उपयुक्त साठ्याचा आकडा शून्याखाली जातो. 2024 च्या उन्हाळ्यात तो उणे साठ टक्क्यांच्या घरात पोचला. टीएमसी म्हणजे किती, हे विचारायला कुणी गेलं नाही. नळाला पाणी आणखी किती दिवसांआड आणि कालव्याचं आवर्तन मिळणार की नाही, हे त्या आकड्यावरून घरोघरी कळलं. त्यानंतर सव्वा वर्षानं, सप्टेंबर 2025 मध्ये, सीना नदीनं माढा-मोहोळची गावं पाण्यात घातली आणि लांबोटीजवळ पुण्याचा महामार्ग बंद पडला. तहान आणि पूर, दोन्ही एकाच जिल्ह्याच्या वाट्याला.

उद्याच्या टंचाईचं आम्हाला कळतं. तीस वर्षांनंतरचं कळत नाही, आणि निर्णय तर तेवढ्याच पल्ल्याचे असतात. नवा साखर कारखाना, नदीकाठचा प्लॉट, मुलाचं घरकर्ज. ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ म्हटलं की माणूस निर्धास्त होतो: आपल्या हयातीत नाही! खरं तर तो धोका दरवर्षी एक टक्का असतो, आणि कर्जाच्या तीस वर्षांत मिळून सुमारे 26 टक्के, म्हणजे चारांत एकाहून थोडा जास्तच. हवामान बदलतंय म्हणताना तो एक टक्काही जागेवर राहील याची हमी नाही. हे प्लॉट घेणाऱ्याला खरेदीखतावर सही करण्याआधी कोण सांगतं? माझ्या मते, तलाठी कार्यालय आणि बँकेच्या टेबलावर जे पोचत नाही, त्याला इशारा म्हणू नये.

असं पोचवणं अशक्य नाही. सोलापूरच्या कोरडवाहू शेती संशोधन केंद्राचं काम 1933 पासून चालू आहे. मोहोळला निवडलेली मालदांडी ज्वारी शेतकऱ्यानं शोधनिबंध वाचून नाही, शेजाऱ्याच्या रानात बघून स्वीकारली.

म्हणून स्वागत समितीनं वक्त्यांवर एक जाच लादला आहे, राग नसावा. प्रत्येक निबंधानंतर तीन मिनिटं राखून ठेवली आहेत. त्यात समोरच्या ग्रामसेवकानं, कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्यानं किंवा डाळिंबवाल्यानं या वर्षी काय वेगळं करावं, एवढंच सांगायचं. मराठीत सांगा, कन्नड-तेलुगू येत असेल तर सोन्याहून पिवळं, या शहराला तिन्ही कळतात. दुपारी कडक भाकरी आणि शेंगा चटणी आहे. उन्हामुळे शिवारफेरी सकाळी सातलाच निघेल.

आता उद्घाटकांनी दीपप्रज्वलन करावं, अशी विनंती करतो.