शिळेवरचा आरोप

व्यंगचित्र म्हणजे नाक लांब करणे, हा समज आम्हांस अपुरा वाटतो. फ्रान्सच्या ओनोरे दोमियेने १८३१ साली राजा लुई फिलिपला खादाड राक्षस दाखविले. गरिबांचा पैसा फळीवरून त्याच्या तोंडात चढतो. त्यापायी सहा महिन्यांची शिक्षा झाली. पुढे एप्रिल १८३४ मध्ये पॅरिसच्या त्रांसनोनँ रस्त्यावर सैनिकांनी घरात शिरून माणसे मारली. त्या शिळाछापात मात्र अतिशयोक्ती औषधालाही नाही. रात्रीच्या सदऱ्यातला मृत बाप, त्याच्याखाली दडपलेले मूल, कलंडलेली खुर्ची. प्रकाश सारा प्रेतावर. सैनिक एकही नाही! हसू येत नाही, तरी आम्ही हे व्यंगचित्रकाराचेच काम मानतो. सरकारलाही ते कळले असावे; प्रती जप्त झाल्या.