आधी रस्त्याला शिस्त लावा



  मुख्याध्यापक संघाच्या अधिवेशनात अध्यक्षानं वर्षाचा आढावा घ्यायचा असतो. संचमान्यता, वेतनेतर अनुदान, रोज नव्या लिंकवर भरायची तीच ती माहिती, हे सगळं कार्यवाहांच्या छापील अहवालात आहे. तो तुम्ही वाचणार नाही, हेही मला ठाऊक आहे. तरी मी त्यात शिरत नाही. मला बरीच वर्षं एकच विषय बोलायचा होता, माईक आज मिळालाय. पोरं शाळेत पोचतात कशी?

जानेवारीत रस्ता सुरक्षेचं परिपत्रक येतं. घोषवाक्य स्पर्धा घ्या, चित्रं काढून घ्या, प्रभातफेरी काढा, फोटो पाठवा. सगळा उपदेश पायी चालणाऱ्या लेकराला. डंपरवाल्याला कुणी निबंध लिहायला लावत नाही.

सकाळच्या सत्रात एक सन्मित्र म्हणाले, मुलंच बेशिस्त आहेत, दुभाजकावरून उड्या मारतात. मारतात. मी त्या दुभाजकापाशी शिट्टी घेऊन वर्षानुवर्षं उभा राहिलोय. आमच्या गावचा रस्ता चौपदरी झाला तेव्हा गाव एका अंगाला राहिलं, शाळा दुसऱ्या. पोरांसाठी बोगदा दिला, तो ओढ्याच्या मोरीशेजारी, शाळेपासून चांगला अर्धा किलोमीटर लांब. पावसाळ्यात त्यात गुडघाभर पाणी, एरवी बाटल्यांच्या काचा. उडी मारणाऱ्या सहावीतल्या एका मुलीला मी हटकलं, तर ती म्हणाली, ‘‘सर, तुम्ही गेलाय का बोगद्यातनं?’’ मी गेलो होतो. म्हणून तिला पुढं काही बोललो नाही.

मग गतिरोधकाचा अर्ज घेऊन संबंधित कार्यालयात गेलो. साहेब म्हणाले, ‘‘गुरुजी, तिथं गतिरोधक टाकला तर वाहनांचा वेग कमी होईल.’’ अहो, दुसरं काय मागत होतो मी?

स्वीडनच्या स्टीना सँडेल्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९६० च्या दशकातच दाखवून दिलं होतं, की लहान मूल आजच्या वाहतुकीला सरावू शकत नाही. येणाऱ्या गाडीचा वेग त्याला जोखता येत नाही, कितीही शिकवा. म्हणजे बदलायचा तो रस्ता. नेदरलँड्समध्ये १९७१ साली चारशेहून अधिक मुलं रस्त्यावर दगावली, तेव्हा तिथले आईबाप मुलांकडून घोषवाक्यं पाठ करून घेत बसले नाहीत. ते रस्त्यावर उतरले. आज तिथली पोरं सायकलवरून शाळेत जातात, ती काही जन्मजात शिस्तीची नाहीत. जिथं चालणारे आणि गाड्या एकत्र येतात तिथं वेग ताशी ३० किलोमीटरच्या आत ठेवा, असं २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यातही म्हटलंय. आपल्याकडे शाळेचा फलक असतो. त्याच्यावर वाढदिवसाचं फ्लेक्स असतं.

दुसरा वाद, बस सक्तीची करावी का? ज्यांना परवडते त्यांनी करावी. पण शिक्षणहक्काच्या आपल्या नियमांनी शाळेचं अंतर पायांनीच मोजलंय, पाचवीपर्यंत १ किलोमीटर, आठवीपर्यंत ३. ते एक किलोमीटर नकाशावर असतं, मध्ये चौपदरी आलाय याची नोंद कुठल्या रकान्यात करायची, ते कुणी सांगत नाही. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात, उत्तम योजना. बिहारनं २००६ साली अशीच योजना आणली आणि मुलींचं माध्यमिक शाळेतलं प्रमाण चांगलंच वाढलं. पण आमच्याकडच्या काही सायकली घरी गोठ्यात उभ्या आहेत. बाप म्हणतो, गाडीरस्त्यावरनं कशी पाठवू? त्या बापाला मी अडाणी म्हणणार नाही.

आणि गेटवरची गर्दी कुणाची? आपल्याच पालकांची. आमच्या शाळेत मी गाड्या दोनशे पावलं अलीकडे थांबवायला लावल्या. आठवडाभर शिव्या खाल्ल्या, संस्थेकडे तक्रार गेली. मग एका सकाळी संस्थेचे अध्यक्ष स्वतः मोटार कोपऱ्यावर ठेवून चालत आले, त्यानंतर कुणी काही बोललं नाही.

करायचं काय? प्रत्येक शाळेनं आपल्या पोरांच्या वाटेचा नकाशा काढावा, कुठं ओलांडतात, कुठं घाबरतात. नमुना कार्यकारिणी ठरवील. एक समितीही नेमू, नावं जेवणानंतर. निधीचं अजून काही सुचलेलं नाही.

मात्र येत्या जानेवारीच्या प्रभातफेरीत मुलं नकोत. आपण सगळे मुख्याध्यापक जाऊ, चपला हातात घेऊन, त्या बोगद्यातून, आणि साहेबांनाही बोलावू. फोटो मागतातच, तेच पाठवू. परवानगी कुणाकडे मागायची असते, हे कुणाला माहीत असेल तर चहाच्या वेळी मला भेटा.