घड्याळाचा पट्टा आपणच बदलू या

(परभणी जिल्ह्यातील महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



कार्यक्रमपत्रिकेवर 'घड्याळाचा पट्टा बदलणे' हे वाचून काहीजणी हसल्या, ते मी पाहिलं. सकाळी आपण कौटुंबिक हिंसेच्या कायद्यावर बोललो, दुपारी रोजगार हमीच्या मस्टरवर बोलणार आहोत, मग मध्येच हे काय? हसा, हरकत नाही. एम.एस.डब्ल्यू.च्या दोन वर्षांत मलाही हे कुणी शिकवलं नव्हतं.

गेल्या पावसाळ्यात पूर्णा तालुक्यातल्या एका गावात आशाताईबरोबर मी एका बाळंतिणीच्या घरी गेले होते. बाळ सात दिवसांचं. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाने घरी जाऊन बाळ बघायचं, हे तुमच्यापैकी अनेकींना पाठच असेल. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवून दाखवली आणि १९९९ साली ते काम जगापुढे मांडलं. आशांच्या या भेटींमागे ते काम आहे. त्यात एक साधं पण मोलाचं काम असतं, बाळाचे श्वास मोजणं. पूर्ण एक मिनिट मोजायचे. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही, कारण इतक्या लहान बाळाचा श्वास एकसारखा चालत नाही. साठ किंवा जास्त भरले तर पुन्हा मोजायचे, आणि पुन्हा तितकेच आले तर बाळ तातडीने दवाखान्यात.

त्यासाठी आशांच्या पिशवीत घड्याळही दिलेलं असतं. आमच्या ताईच्या घड्याळाचा पट्टा तुटला होता. तिने ते मनगटाला नाडीने बांधलं होतं. एका हाताने बाळाचं दुपटं वर धरायचं, डोळे छातीवर, आणि घड्याळ फिरून मनगटाखाली! ते सरळ करेपर्यंत मोजणी चुकायची. पहिल्यांदा एकसष्ट भरले, दुसऱ्यांदा बावन्न. घरात सगळे गप्प झाले. सासूबाई म्हणाल्या, "रातीचं कुठं न्यायचं लेकरू?" शेवटी मी माझं घड्याळ काढून बाळाच्या छातीजवळ धरलं आणि ताईने पुन्हा मिनिटभर मोजलं. चोपन्न. छाती आत ओढली जात नव्हती, बाळ अंगावर नीट पीत होतं. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. पण मी नसते तर?

"ताई, किती दिवस झाले तुटून?" मी विचारलं. म्हणाली, "दीड महिना. गावात कुणी नाही बसवून देणारं, अन् तालुक्याला जायचं म्हणजे दिवस मोडतो." २०२३ पासून आपल्याला एसटीचं अर्धं तिकीट लागतं खरं, पण दिवस काही अर्धा मोडत नाही. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, आणतो. तो 'आणतो' तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे.

गंमत बघा. मनगटी घड्याळ युरोपात आधी बायकांचाच दागिना होता. पुरुष खिशात घड्याळ ठेवायचे आणि मनगटावरच्याला हसायचे. १९१४ च्या महायुद्धात खंदकातल्या सैनिकांना हात मोकळे हवे झाले, तेव्हा ते मर्दानी ठरलं. आपल्याकडे एचएमटीचा बंगळूरचा घड्याळाचा कारखाना १९६१ चा, आणि हुंडाबंदी कायदाही १९६१ चाच. पुढची कित्येक वर्षं जावयाला घड्याळ, सायकल, रेडिओ द्यायची पद्धत चालूच राहिली. घड्याळाचे पैसे मुलीच्या बापाचे, वेळ मात्र जावयाच्या मनगटावर.

मी हे शिकले परभणीत गांधी पार्कजवळ बसणाऱ्या एका म्हाताऱ्या घड्याळजी चाचांकडून. आता अशी माणसं कमी राहिली. मी विचारलं तेव्हा त्यांनी स्टूल माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाले, "बेटी, पट्टे में क्या है, असली काम तो अंदर है."

पट्टा घड्याळाला एका बारीक पिनेवर असतो. ही पीन म्हणजे पोकळ नळी, आत स्प्रिंग. तिची दोन्ही टोकं घड्याळाच्या कानांमधल्या भोकांत अडकलेली असतात. एक टोक आत दाबलं की पीन सुटते, एवढंच. घड्याळ मऊ फडक्यावर पालथं ठेवा, आणि फडकं काठाच्या ताटात. कारण पीन उडते, आणि शेणाने सारवलेल्या जमिनीवर ती सापडत नाही, हे मी अनुभवाने सांगते. पट्टा आणि कान यांच्या फटीत बारीक पेचकस घाला, पिनेचा खांदा पकडून मधल्या बाजूला दाबा, दुसऱ्या हाताचं बोट वरून धरा आणि पट्टा हळूच उचला. काचेवर जोर द्यायचा नाही. लेकरं जवळ नकोत, पीन गिळतील.

नवा पट्टा घ्यायच्या आधी दोन कानांमधलं अंतर मोजा, मिलिमीटरमध्ये. बायकांच्या घड्याळांचं बहुधा बारा किंवा चौदा, मोठ्यांचं अठरा किंवा वीस. बक्कल असलेला तुकडा बाराच्या बाजूला, भोकांचा सहाच्या. पिनेचं एक टोक भोकात, दुसरं दाबून सरकवायचं. टिक् आवाज आला की बसली. मग चांगलं ओढून बघा. जुनी पीन घामाने गंजलेली असली तर तीही बदला. आपल्या मराठवाड्याच्या उन्हाळ्यात चामडं लवकर कुजतं. फिरतीवर असाल तर घड्याळाखालून जाणारा सलग नायलॉनचा पट्टा घ्या. एक पीन गेली तरी घड्याळ पडत नाही. काही स्वस्त घड्याळांचा पट्टा खोक्याशीच जोडून ओतलेला असतो, तिथे मात्र इलाज नाही. साखळीच्या कड्या काढायच्या असतील तर चाचांकडेच जा.

मागच्या बैठकीत एका मैत्रिणीने रागाने विचारलं होतं, "म्हणजे सरकारने द्यायचं ते आम्हीच दुरुस्त करायचं? बाईवर आणखी एक काम?" तिचा राग रास्त आहे. आशाच्या पिशवीतली वस्तू मोडली तर ती बदलून देणं शासनाचं काम आहे आणि ते आपण लेखी मागितलं पाहिजे. २०२३ च्या ऑक्टोबरात राज्यातल्या आशा मोबदल्यासाठी संपावर गेल्या होत्या. ती लढाई पट्टा बसवून संपत नाही. पण अर्जाचं उत्तर येईपर्यंत त्या गावात चार बाळं जन्मतात, त्यांचे श्वास कोण मोजणार? अर्जही करू, पट्टाही बसवू.

ती ताई आज इथे तिसऱ्या रांगेत बसली आहे. तिने मागच्या महिन्यात स्वतःचा पट्टा बसवला आणि शेजारच्या गावातल्या दोघींचाही. आता ताटं फिरवते आहे, पेचकस सात आहेत, तिघींत एक घ्या. चला, घड्याळं काढा.