माघातली रोपे
(मंडळाच्या हळदीकुंकू समारंभात केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. घरात रोपे कशी करते, तेवढे सांगते.

सासूबाई गेल्यावर त्यांच्या पेटीत काटेरी वांग्याच्या बियांची राखेत घोळलेली पुरचुंडी मिळाली. पिकले वांगे झाडावर राखून त्या दरवर्षी बी धरीत. मी हौसेने निम्म्याहून अधिक बी एकाच डब्यात दाट टाकले, वर ताट झाकले आणि रोज संध्याकाळी पाणी घातले. रोपे वर आली आणि चार दिवसांत जमिनीलगत देठ बारीक होऊन आडवी पडली. मला वाटले उंदीर! पण ती बुरशी होती, आणि ती मीच पाणी घालघालून पोसली होती. त्या दिवशी मला जेवण गेले नाही.

उरलेले बी पुढच्या माघात जपून टाकले. तेलाच्या डब्याला खालून भोके पाडली. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून दोन भाग तांबडी माती, एक भाग मुरलेले शेणखत आणि एक भाग वाळू घेतली. माती आधी उन्हात तापवली. बोटाच्या पेराच्या निम्म्याइतके खोल आणि विरळ बी टाकले. पाणी फक्त सकाळी, हाताने शिंपडून. मिरचीला थंडी सोसत नाही, म्हणून तिचा डबा न्हाणीच्या चुलीजवळ ठेवला. नवव्या दिवशी कोंब दिसले. कोंब दिसताच मात्र डबा उजेडात हलवावा, नाहीतर रोपे लांबोडी होतात. खिडकीतला डबा मी रोज फिरवते. (घरची माणसे हसतात, हसू देत.)

दुधी-दोडक्याची मुळे दुखावलेली चालत नाहीत. करवंटीला भोक पाडून एकेकच बी लावावे आणि मातीच्या गोळ्यासकट खड्ड्यात सोडावे.

रथसप्तमीला टाकलेली वांगी होळीपर्यंत लावण्याजोगी होतात. त्याआधी आठ दिवस डबा थोडा थोडा उन्हात ठेवून पाणी कमी करावे, आणि लावणी ऊन कलल्यावर करावी.

रोपवाटिकेत कोकोपीटमधली तयार रोपे मिळतात, मीही टोमॅटोची आणते. पण संकरित वांग्याचे बी धरले तर पुढच्या वर्षी तसेच फळ येईल याचा भरवसा नसतो. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बी जपल्याबद्दल 2020 सालची पद्मश्री मिळाली, हे आपण ऐकलेच असेल.

मागच्या खेपेस माझी अकरा रोपे जगली. त्यांचे बी मी पुड्या करून आणले आहे. हळदीकुंकवाच्या ताटाशेजारी ठेवले आहे. प्रत्येकीने एक पुडी न्यावी. माझे पुन्हा गेले, तर मी तुमच्याच दारात मागायला येणार आहे.