साताऱ्याची पायवाट

मन उपदेशानें घडतें ही समजूत तितकीशी खरी नाहीं. नकार पचवितांनाच तें अधिक घडतें. १८७५ सालीं कोंकणांतील मुरूडचा १७ वर्षांचा धोंडो केशव कर्वे पब्लिक सर्व्हिसच्या परीक्षेसाठीं भर पावसांत, सह्याद्रि ओलांडून, सुमारें ११० मैल पायीं साताऱ्यास पोहोंचला. तेथें त्याचें वय लहान दिसतें म्हणून त्याला परत पाठविण्यांत आलें. किरकोळ अंगकाठी, एवढाच काय तो गुन्हा!

दैवाला बोल लावावयास याहून सबळ निमित्त कोणतें? पण शिक्षणाचा नाद सुटला नाहीं. मॅट्रिक होईतों १८८१ साल उजाडलें, पदवीस १८८४. पुढें १८९३ सालीं त्यांनीं विधवेशीं विवाह केला, तेव्हां गांवानें वाळीत टाकलें. १९०० सालीं हिंगण्याच्या माळावर विधवांसाठीं झोंपडी उभी राहिली. कॉलेजांतील शिकवणें आटोपून, चिखलपाण्याची तमा न बाळगतां, कर्वे ती वाट रोज पायींच तुडवीत.