मिराब आणि पाटकरी

इराणात वर्षाकाठी सरासरी सुमारे २५० मिलिमीटर, म्हणजे अवघा दहा इंच पाऊस पडतो. फारसी, अझेरी, कुर्द, लूर, बलुच, अरब, तुर्कमेन असे नाना लोक तेथे नांदतात. त्यांच्या बोली निराळ्या, पोशाख निराळे. बहुतेक सारे मुसलमान, आणि त्यांतही शिया पंथाचे अधिक. परंतु पाण्याच्या दुर्भिक्षाने या सर्वांस एक धडा सारखाच शिकविला आहे.

डोंगराच्या पायथ्याशी पाणी लागेपर्यंत विहीर खणावयाची आणि तेथून मंद उताराचा बोगदा गावापर्यंत आणावयाचा, यास कनात म्हणतात. मोट नको, बैल नकोत; पाणी आपल्या पायांनी चालत येते. अशा ११ कनातांस युनेस्कोने २०१६ साली जागतिक वारशात स्थान दिले. पाण्याची वाटणीही मोठी चोख असे. पाण्याने भरलेल्या भांड्यात बुडाशी बारीक छिद्र असलेली वाटी सोडीत. ती बुडाली की एक माप झाले. लग्नघटिकेसाठी महाराष्ट्रात ठेवीत त्या घटिकापात्राचेच हे भावंड होय. या वाटणीवर देखरेख करणारा तो मिराब.

वसंतसंपाताच्या सुमारास येणारा नौरोज हा सण इस्लामच्याही पूर्वीचा. त्यासाठी घरोघरी धान्याचे अंकुर वाढवितात आणि तेराव्या दिवशी ते वाहत्या पाण्यात सोडतात. नवरात्रात घटाखाली धान्य पेरणाऱ्या माउलीस यात परके काही वाटू नये.

कनातीची ही विद्या जुन्या खानदेशातही आली. फारुकी सुलतानांची राजधानी असलेले बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात आहे. तेथे मोगल अमदानीत, १६१५ साली, अब्दुल रहीम खानखानाच्या वेळी सातपुड्याचे पाणी अशाच भुयारांनी शहरात आणले गेले.

धुळे जिल्ह्यात पांझरेकाठी मात्र रीत स्वतंत्रपणे घडली. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडावयाचे, एका फडात एका हंगामास एकच पीक घ्यावयाचे, आणि पाटकऱ्याने क्रमाने पाणी द्यावयाचे, असा गावाचा नियम. प्रत्येकाची जमीन निरनिराळ्या फडांत विखुरलेली असे. नदीस पाणी कमी आले तर एखादा फड कोरडा राही. परंतु तूट सर्वांच्या वाट्यास येई, कोणी एकटा बुडत नसे. पाटकऱ्याने मिराबाचे नावही ऐकले नसेल. पण दोघांचे काम एकच.

पुढे इराणात खोल विहिरींवर यंत्रे बसली, आणि अनेक कनाती आटल्या. रावेर-यावलच्या केळीच्या मळ्यांतही विंधनविहिरी वर्षानुवर्षे खोल जात राहिल्या. यंत्राने पाणी वर येते, पण शेजाऱ्याचा वाटा किती, हे यंत्रास कळत नाही. ते माणसांनीच ठरवावे लागते. आणि कोरड्या मुलखात संस्कृतीचा आरंभ तेथूनच होतो.