मानेचे दुखणे आणि जाणता हात



पाचगणीच्या हवेचा लौकिक मोठा. क्षयाच्या रोग्यांसाठी येथे आरोग्यधामे निघाली. परंतु मानेच्या मणक्यांत मज्जारज्जू चेपला गेला, सदऱ्याची गुंडी लावता येईना, चालताना तोल जाऊ लागला, तर हवापालटाने भागत नाही. तेथे बहुधा शस्त्रक्रियाच लागते, आणि उशीर झाल्यास गेलेली शक्ती पुरती परतत नाही.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. अतुल गोयल यांनी डॉ. लाहेरी यांच्यासह मानेचे वरचे दोन मणके पट्टी व स्क्रूंनी जखडण्याची रीत १९९४ साली प्रसिद्ध केली. पुढे ती परदेशांतही रूढ झाली. पण तेथे मेंदूला रक्त नेणारी धमनी अगदी लगत असते. रीत ग्रंथांत वाचता येते. हात मात्र सरावानेच बसतो.

म्हणून आम्ही सांगतो, नाव किंवा इमारत पाहून भुलू नये. शस्त्रवैद्याला आदराने, पण स्पष्ट विचारावे: हीच शस्त्रक्रिया आपण किती वेळा केली? अपाय कितीजणांस झाला? न केल्यास काय होईल? जाणता वैद्य अशा प्रश्नांनी रागावत नाही. उत्तर टाळले गेले, तर दुसऱ्याचे मत घ्यावे. त्यासाठी पसरणीचा घाट उतरून पुण्या-मुंबईस जावे लागले, तरी जावे. घाट पुन्हा चढता येतो. मज्जारज्जू दुसरा मिळत नाही.